नवा डबा, तीच पावडर आणि ६० फुटांचा फरक

प्रश्न माझ्याकडे पॉइंट टू-टू रायफल शिकायला येणाऱ्या, नाशिकच्या कॉलेज रोडच्या एका मुलीचा आहे. तिचा मोठा भाऊ टेक्सासला असतो आणि .३०८ विंचेस्टर रायफलची काडतुसं घरीच भरतो. पावडरचा जुना डबा संपला म्हणून त्याने त्याच कंपनीचा, त्याच नावाचा नवा डबा उघडला. वजन तेच, गोळी तीच, पुंगळ्या आणि प्रायमरही (पुंगळीच्या बुडातली, पावडर पेटवणारी टोपी) तेच. तरी वेग सेकंदाला सरासरी ६० फुटांनी वाढला आणि उडवलेल्या पुंगळ्यांचे प्रायमर नेहमीपेक्षा चपटे दिसायला लागले. तो म्हणतो, कंपनीने माल बदलला. तिने विचारलं, "सर, असं खरंच होतं का? आणि माझ्या काडतुसांच्या नव्या कार्टनचा गट, म्हणजे टार्गेटवरच्या भोकांचा पुंजका, मोठा येतोय, तेही यामुळेच का?"

होतं. पण सगळं पावडरच्या माथी मारण्याआधी दादाला मला एक उलट प्रश्न विचारायचा आहे, तो थोड्या वेळाने. आधी तातडीचं. नव्या डब्यातून भरलेली उरलेली काडतुसं त्याने उडवू नयेत. गोळ्या उपसायच्या, पावडर काढायची आणि कमी वजनापासून परत सुरुवात करायची. चपटा प्रायमर हा दाब मोजायचा भरवशाचा काटा नाही, हे मलाही माहीत आहे. काही कंपन्यांच्या प्रायमरचा पत्रा मऊ असतो आणि तो साध्या दाबालाही चपटा होतो. पण काल जे दिसत नव्हतं ते आज दिसतंय आणि सोबत वेगही वाढलाय, तेव्हा दुर्लक्ष करायचं नाही. .३०८ साठी अमेरिकेतल्या 'सामी' या मानक ठरवणाऱ्या संस्थेची दाबाची कमाल मर्यादा ६२,००० पीएसआय (दर चौरस इंचावर पौंड) आहे. वेग दोन टक्के वाढलेला दिसतो, तेव्हा दाब त्याच्या कितीतरी जास्त टक्क्यांनी चढलेला असतो. दादा आधीच मर्यादेच्या जवळ भरत असेल, तर आता तो कुठे पोहोचलाय हे त्यालाही ठाऊक नाही.

आता मूळ मुद्दा. मी तोफखान्यात टेक्निकल असिस्टंट, म्हणजे नेमाचा हिशोब काढणारा होतो, निवृत्तीनंतर देवळाली कॅम्पलाच राहिलो. आमच्याकडे दारूचा लॉट, म्हणजे एका खेपेला बनलेला माल, हा रोजच्या बोलण्यातला शब्द. नाशिकमध्ये तो चारचौघांत उच्चारला की लोकांना वेगळंच काहीतरी वाटतं आणि द्राक्षाच्या गोष्टी सुरू होतात. तुलना मात्र अगदीच चुकीची नाही. एकाच बागेतल्या द्राक्षाची गोडी दर हंगामात सारखी नसते, म्हणून वाइनरीतला माणूस टाक्या चाखून, एकमेकींत मिसळून नेहमीच्या चवीच्या जवळ आणतो. पावडरच्या कारखान्यातही जवळपास हेच चालतं. फक्त तिथे जिभेऐवजी दाब मोजणारी चाचणी-नळी असते.

आजची रायफलची पावडर म्हणजे आपली जुनी काळी दारू नव्हे. फ्रान्समध्ये पॉल व्हिएय यांनी १८८४ मध्ये धूर न करणारी पावडर बनवली, तिच्याच वंशातली ही. कापसाच्या किंवा लाकडाच्या तंतूंवर आम्लाची क्रिया करून नायट्रोसेल्युलोज मिळतं. ते द्रावकात मळून कणकेसारखं करतात, बारीक भोकाच्या साच्यातून शेवयांसारखं दाबून काढतात, तुकडे करतात, वाळवतात. वरून जळणं सुरुवातीला मंद ठेवणारा थर देतात, शेवटी ग्रॅफाइट चोळतात. आता यात फरक कुठे कुठे शिरू शकतो ते बघ. तंतू वेगळ्या पिकाचा. नायट्रोजनचं प्रमाण किंचित इकडेतिकडे. द्रावक किती उरला, साचा किती झिजला, दाण्याची भिंत किती जाड झाली, वरचा थर दाण्यात किती खोल मुरला. प्रत्येक घाणा दुसऱ्या घाण्यापासून थोडा हलतोच. यात कुणाची चूक नसते, पदार्थाचा स्वभावच तो.

आणि हा थोडासा फरक रायफलच्या नळीत गेल्यावर थोडासा राहत नाही. पावडर जितक्या जास्त दाबाखाली असेल तितकी भराभर जळते, हा नियमही व्हिएय यांच्याच नावाने ओळखला जातो. भराभर जळली की दाब वाढतो, दाब वाढला की आणखी भराभर जळते. चुलीतली आग स्वतःच स्वतःला फुंकर घालते म्हण. गोळी पुढे सरकून जागा मोकळी करत असते, म्हणून हे चक्र आवाक्यात राहतं. पण दाण्याच्या भिंतीतला सूक्ष्म फरकही क्रोनोग्राफवर, म्हणजे गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर, का उमटतो, त्याचं कारण हे आहे.

कारखाना त्यावर मात कशी करतो? हातभरणी करणाऱ्यांना किरकोळ डब्यांतून विकायची पावडर अनेक घाणे मिसळून ठरलेल्या नमुन्याच्या जवळ आणतात. भरणीच्या पुस्तकात छापलेलं वजन नव्या डब्यालाही साधारण लागू पडावं, हा हेतू. जवळ आणतात म्हणजे तंतोतंत नाही, काही टक्क्यांचं अंतर उरतंच. काडतुसांच्या कारखान्यात जाणाऱ्या ठोक पावडरला एवढा सोस करत नाहीत. तिथे नवा लॉट आला की चाचणी-नळीत उडवून दाब आणि वेग बघतात आणि त्या लॉटसाठी वजनच नव्याने ठरवतात. खडकी असो, वरणगाव असो की परदेशातला कारखाना, बाहेर पडणाऱ्या काडतुसाचा वेग आणि दाब मर्यादेत हवा असतो. आत अमुकच ग्रेन (पावडर तोलायचं बारीक माप) पावडर असली पाहिजे असा कुणाचा हट्ट नसतो.

हे दादाच्या लक्षात आलं तर त्याचा अर्धा राग उतरेल. तो वजनाला स्थिर मानतोय आणि वेग हलला म्हणून चिडतोय. वजन स्थिर ठेवून वेग स्थिर राहील, असं वचन मुळात कुणी दिलेलंच नाही. त्याच्या वहीत पावडरच्या नावापुढे जो आकडा आहे, तो त्या नावाचा नाही, त्या एका लॉटचा आहे. तोफखान्यात हे मला शिकवून समजलं नाही, शिक्षा होऊन समजलं.

गोष्ट जुनी, एका फायरिंग रेंजवरची, देवळालीची नव्हे. १३० मिलिमीटरच्या रशियन तोफा होत्या. त्यांच्या पितळी चार्ज-पुंगळीवर, म्हणजे गोळ्यामागे सारायच्या दारूच्या पुंगळीवर, पावडरचा प्रकार, लॉट, वर्ष आणि कारखाना रंगाने लिहिलेला असतो. माझ्या हिशोबाने गोळे पडायला हवे होते तिथे काही पडत होते, काही दीड-दोनशे मीटर पुढे. मी आधी हवेला दोष दिला, मग तोफेच्या नळीला, मग निशाणा लावणाऱ्याला. आमचे सुभेदारसाहेब चालत गन पोझिशनवर गेले, रिकाम्या पुंगळ्यांवरचे आकडे वाचले आणि परत येऊन मला म्हणाले, "तुझ्या एका तोफेत दोन आडनावांची पोरं आहेत." एका ट्रकमधला लॉट संपल्यावर दुसऱ्या ट्रकमधला उतरवला होता. उतरवताना कुणी तोंडी सांगितलंही होतं, मी ते लिहून घेतलं नव्हतं. त्या संध्याकाळी मी दोन्ही लॉटची सगळी खोकी एकट्याने वेगळी करून रचली. तेव्हापासून माझ्या वहीत पहिला रकाना लॉट नंबरचा असतो. वेगाचा रकाना त्याच्यानंतर येतो.

आता तो उलट प्रश्न. दादाचा जुना वेग त्याने कधी मोजला होता?

बहुतेक साध्या रायफल पावडरी तापमानाला बऱ्यापैकी दाद देतात. ढोबळ हिशोब असा की फॅरेनहाइटच्या दर अंशामागे वेग सेकंदाला साधारण एक फूट बदलतो. आपल्या मापात, दर सेल्सिअस अंशामागे अर्ध्या मीटरहून किंचित जास्त. कुठे याहून कमी, कुठे जास्त, पण अंदाजाला पुरेसं. जुन्या डब्याची नोंद जानेवारीतल्या सकाळी ५ अंशांत झाली असेल आणि नवा डबा ऑगस्टमध्ये ३८ अंशांत उडवला असेल, तर मधलं अंतर ३३ अंश सेल्सिअसचं. फॅरेनहाइटमध्ये ते जवळजवळ ६० अंश होतात. म्हणजे सेकंदाला जवळजवळ ६० फूट! लॉटची गरजच उरली नाही. लॉट अगदी जुळा असता तरी हाच आकडा आला असता.

म्हणूनच तोफेच्या फायरिंग टेबलमध्ये (गोळा किती दूर पडेल त्याचा तक्ता) चार्जचं प्रमाण तापमान दिलेलं असतं. पाश्चात्त्य टेबलांत २१ अंश सेल्सिअस, सोव्हिएत टेबलांत १५. त्याच्या वर-खाली जेवढे अंश, तेवढी दुरुस्ती. मे महिन्याच्या दुपारी चार्जच्या पेटीतला थर्मामीटर वाचून दुरुस्ती काढणं हे आमचं रोजचं काम. हवेचं नव्हे, दारूचं तापमान. पेटी उन्हात पडली असेल तर हवा ३८ अंशांवर असतानाही आतली दारू त्याहून गरम असते. दादाने काडतुसांचा डबा गाडीच्या मागच्या खिडकीशी ठेवला होता का, की सावलीत? गरम झालेल्या नळीत काडतूस सारून ठेवून निशाणा धरत एक मिनिट बसला होता का? तेवढ्यानेही फरक पडतो. नाशिककरांना हे वेगळं सांगायला नको. निफाडच्या हिवाळ्यात पहाटे काय गारठा असतो आणि एप्रिलच्या दुपारी काय होतं, दोन्ही आपण अंगावर घेतो.

तापमानाचा प्रभाव कमी करून बनवलेल्या पावडरीही मिळतात. पावडर विकणारी अमेरिकेतली हॉजडन कंपनी ऑस्ट्रेलियात बनवून घेते त्यातल्या काहींची ख्याती त्यासाठीच आहे. दादाची पावडर तशी असेल, तर माझा संशय तापमानावरून उठून परत लॉटवर जाईल.

तापमानानंतर नावाचा घोळ. याने भल्याभल्यांना फसवलंय. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रूस हॉजडन यांनी अमेरिकी सैन्याची उरलेली ४८९५ पावडर घेऊन हातभरणी करणाऱ्यांना विकायला सुरुवात केली, त्यातून तो आकडा लोकांच्या तोंडी बसला. आज दुकानात आयएमआर ४८९५ आणि एच ४८९५ अशा दोन पावडरी शेजारी शेजारी असतात. आकडा एक, पावडरी दोन, जळण्याचा वेग वेगळा. ४३५० चंही तसंच, तो आकडा तर आणखी कंपन्याही लावतात. "त्याच पावडरचा" असं दादा म्हणतो, तेव्हा त्याने आकडा वाचलाय की आकड्यामागची अक्षरंही वाचलीत? जुन्या रिकाम्या डब्याचा फोटो असेल तर नव्याशेजारी ठेवून बघायला सांग.

मग तराजू. सराफ बाजारातला सोनार काट्याची काच लावल्याशिवाय वजन सांगत नाही, पंखा बंद करतो, आणि त्याचं बरोबर आहे. हातभरणीतला ०.१ ग्रेन म्हणजे साडेसहा मिलिग्रॅम. इलेक्ट्रॉनिक काटा गरम व्हायला वेळ घेतो, एसीचा झोत लागला की सरकतो, आणि सुरू केल्यावर शून्य दाखवतो म्हणून तासाभरानेही शून्यावरच असेल असं नाही. प्रमाण वजन टाकून दर दहा-पंधरा काडतुसांनंतर तपासायला हवं. तो वजन न करता मापाने पावडर टाकत असेल, तर अजून एक गंमत आहे. जुन्या आणि नव्या तांदळाची पायली वजनाला सारखी भरत नाही, तसंच दोन लॉटच्या दाण्यांची घनताही किंचित वेगळी असते. माप तेच ठेवलं आणि नवा लॉट जरा जड निघाला, तर प्रत्येक पुंगळीत जास्त पावडर गेली आणि वजन तेच असल्याचा भ्रम कायम राहिला.

दमटपणाबद्दल थोडक्यात. पावडर हवेतली वाफ धरते आणि सोडते. कोरडी पावडर जरा वेगाने जळते, ओलसर जरा मंद. जुना डबा वर्षभर उघड-झाक होत राहिला असेल, तर शेवटच्या पाव भागातली पावडर पहिल्या दिवशीची राहिलेली नसते. म्हणजे ज्याला दादा "जुन्या डब्याचा वेग" म्हणतो, तोही एक आकडा नव्हता, हळूहळू सरकत होता. पावडर मापाच्या नळकांड्यात रात्रभर ठेवू नये, झाकण घट्ट असावं, मूळ डब्यातून दुसऱ्या बरणीत काढू नये. डबा उघडल्यावर आंबट, नाकाला झोंबणारा वास आला किंवा तांबूस धूळ-धूर दिसला, तर ती पावडर कुजायला लागली आहे. तिचा लॉट विचारत बसू नये, ती वापरातून काढावी.

आता वरचं सगळं तपासून झालं आणि तरीही लॉटचाच संशय राहिला, तर त्याचा निकाल कसा लावायचा? इथे बहुतेक लोक घाई करतात. जुन्या लॉटच्या पाच गोळ्या, नव्याच्या पाच, दोन सरासऱ्या, निकाल. पाच गोळ्यांत काय दिसतं आणि काय दिसत नाही, ते बघ. दादाच्या भरणीचं प्रमाण विचलन (वेग सरासरीभोवती किती विखुरतो त्याचं माप) सेकंदाला १५ फूट आहे असं धर, हे वाईट नाही. तर पाच-पाच गोळ्यांच्या दोन सरासऱ्यांमध्ये १९ फुटांपर्यंतचं अंतर नुसत्या योगायोगानेही पडू शकतं, पावडर एकाच डब्यातली असली तरी. वीस-वीस गोळ्या उडवल्या तर हाच योगायोगाचा पट्टा निम्म्यावर, साधारण साडेनऊ फुटांवर येतो. म्हणजे १२ फुटांचा फरक पाच गोळ्यांवर सिद्ध होत नाही, वीसवर होतो. दादाचे ६० फूट तर पाच गोळ्यांतही योगायोग म्हणून खपत नाहीत. काहीतरी खरोखर हललंय. काय, एवढंच शोधायचंय.

त्यासाठी जुनी आणि नवी पावडर एकाच दिवशी, एकाच तराजूवर तोलायची, एकाच पेटीतल्या पुंगळ्या आणि प्रायमर, एकाच लॉटच्या गोळ्या, आणि वजन आधीच्यापेक्षा खाली आणून. मग एकाआड एक उडवायची: जुनी, नवी, जुनी, नवी. आधी सगळ्या जुन्या आणि मग सगळ्या नव्या असं करायचं नाही. नळी तापत जाते, ऊन चढत जातं, प्रकाशावर चालणारा क्रोनोग्राफ असेल तर ढगांनीही आकडे हलतात, आणि ते सगळं नंतरच्या लॉटच्या खात्यात जमा होतं. एकाआड एक केलं की हे दोघांत सारखं वाटलं जातं. रडारवर चालणारा किंवा नळीला लावायचा क्रोनोग्राफ असेल तर प्रकाशाची तक्रार मिटते, तापमानाची नाही.

अडचण अशी की दादाचा जुना डबा संपलाय. तुलनेला काही उरलंच नाही. म्हणून पुढच्या वेळी जुना डबा तळाला जाण्याआधी नवा आणायचा आणि जुन्यातली पन्नास काडतुसांपुरती पावडर राखून ठेवायची, हा माझा आग्रह. खरं तर त्याहून सोपं म्हणजे एकाच लॉटचा मोठा डबा घ्यायचा. अमेरिकेत आठ पौंडांचे डबे मिळतात, एका पौंडात ७,००० ग्रेन. .३०८ मध्ये एका काडतुसाला चाळीसेक ग्रेन धरले, तर आठ पौंडांत हजाराच्या वर काडतुसं होतात. म्हणजे पूर्ण हंगाम एक लॉट. दुकानात लहान डबेच असतील तर त्यांच्या तळाचा नंबर वाचून एकाच नंबरचे उचलायचे. दुकानदार चिडला तर चिडू दे.

काही जण दोन लॉट एकत्र मिसळून टाकतात. मी करत नाही आणि दादालाही सांगणार नाही. दोन वेगवेगळ्या नावांच्या पावडरी मिसळणं तर सरळ आत्मघात आहे, पण एकाच नावाचे दोन लॉट घरी मिसळतानाही ते सारखे मिसळले की नाही हे तपासायचं साधन कुणाकडे नसतं. कारखान्याकडे चाचणी-नळी असते, आपल्याकडे डबा हलवायला दोन हात.

तर नवा लॉट आला की करायचं काय? भरणीच्या पुस्तकात दिलेल्या सुरुवातीच्या वजनापासून, किंवा जुन्या वजनाच्या दहा टक्के खालून परत चढायचं. थोडं थोडं वाढवत, प्रत्येक पायरीला वेग मोजत. जुना वेग आला की थांबायचं, मग वजन जुन्यापेक्षा अर्धा ग्रेन कमी असलं तरी. आणि पुस्तकातल्या कमाल वजनाला पोहोचूनही जुना वेग आला नाही, तरीही तिथेच थांबायचं. मंद लॉटच्या मागे धावून मर्यादा ओलांडणारे मी पाहिलेत, त्यांचं तर्कशास्त्र ऐकायला फार गोड असतं.

वेग जुळला म्हणजे सगळं जुळलं असंही समजू नये. अमेरिकेच्या एम-१६ रायफलीच्या काडतुसात १९६० च्या दशकात पहिल्या पावडरऐवजी गोल दाण्याची पावडर घालायला सुरुवात झाली. वेग ठरलेलाच मिळत होता. पण नळीत दाब कुठे किती असतो याची चाल बदलली, रायफलचा गोळ्या झाडण्याचा वेग वाढला, आत काजळी साचायला लागली, आणि व्हिएतनाममध्ये रायफली अडकू लागल्याच्या तक्रारींमागे जी कारणं निघाली त्यात हेही एक होतं. ते दोन वेगळ्या पावडरींचं उदाहरण आहे, एकाच पावडरच्या दोन लॉटमधला फरक एवढा मोठा नसतो. पण वेग जुळल्यावरही गट परत तपासायचा, तो यासाठी.

हे सगळं किती मनावर घ्यायचं, तेही सांगतो. १०० यार्डांवर ६० फुटांनी काही बिघडत नाही, डोळ्याला कळणारही नाही. ६०० यार्डांवर .३०८ ची गोळी साधारण पाचेक इंच वर लागेल, तिथे स्पर्धा हातची जाते. दादा कितीवर नेम धरतो त्यावर त्याने डोक्याला ताप करून घ्यायचा की नाही ते ठरेल. दाबाचा मुद्दा मात्र अंतरावर अवलंबून नाही.

आता तुझं कार्टन. तुझ्या पॉइंट टू-टूमध्ये पावडर असते एक-सव्वा ग्रेनच्या आसपास, चिमूटभरही नाही. तिथे लॉटमधला फरक पावडरसोबतच पुंगळीच्या कडेतल्या प्रायमरच्या मसाल्यातून, गोळीवरच्या मेणातून आणि पुंगळीने गोळी किती घट्ट धरलीय त्यातूनही येतो. हिशोब असा: गोळी सेकंदाला ३२७ मीटरच्या आसपास निघते. ५० मीटरवर वेगात १० मीटरचा फरक पडला तर वर-खाली साडेसात मिलिमीटरच्या आसपास हलते. आपल्या टार्गेटवर एका रिंगेपासून दुसरी ८ मिलिमीटरवर. म्हणजे दहाची नऊ. पूर्ण लॉटच १० मीटरने वेगवान असेल तर काळजी नाही, साइटचे काही क्लिक दिले की झालं. एकाच लॉटमधल्या गोळ्या आपापसांत तेवढ्या हलत असतील, तर कुठलाच क्लिक कामाचा नाही. तुझा गट मोठा झालाय म्हणजे दुसरी शक्यता जास्त. पण आधी हे सांग, नव्या कार्टनच्या पहिल्या किती गोळ्यांवरून तू हे ठरवलंस? मेण बदललं की नळीला नव्या मेणाची सवय व्हायला वीस-पंचवीस गोळ्या जातात. त्या मोजायच्याच नाहीत.

युरोपातले नेमबाज आपली रायफल कंपनीच्या चाचणी केंद्रावर नेतात, तिथे ती शिकंज्यात बांधून एकामागून एक लॉट उडवतात आणि जो त्या नळीला मानवला तो वर्षभराचा विकत घेतात. काडतुसं बनवणाऱ्या लपुआ कंपनीचं असं केंद्र जर्मनीत आहे, एली कंपनीचं इंग्लंडमध्ये. एलीच्या डबीवर लॉट नंबरसोबत वेगही छापलेला असतो, तो वाचायची सवय ठेव. आपल्याला एवढी निवड मिळत नाही, जे आयात होऊन येतं त्यातच भागवायचं. तरी क्लबमध्ये चार-पाच जणांकडे वेगवेगळे लॉट असतात. रविवारी रेंजवर प्रत्येकाकडून वीस-वीस गोळ्यांची अदलाबदल करा, हिशोब वहीत ठेवा, रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवून दहा-दहाचे दोन गट काढा. तुझ्या नळीला ज्याचा लॉट मानवेल तो त्याच्याशी बदलून घे. तुझा त्याला मानवला तर दोघांचं भलं. परवान्यावरची गोळ्यांची नोंद मात्र नियमाप्रमाणे चोख राहिली पाहिजे, त्यात हयगय चालणार नाही.

आणि दादा करतो ते इथे करून बघू असा विचारही नको. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे काडतूस बनवायला वेगळा परवाना लागतो. रायफल बाळगायचा परवाना त्याला चालत नाही, आणि घरी चार पुंगळ्या भरणं हेही बनवणंच. कुणी पावडर आणून देतो म्हणाला तर त्याच्यापासून चार हात लांब राहा.

दादाला इतकंच विचार: जुनी नोंद कुठल्या तारखेची आहे आणि तापमान लिहिलंय का? लिहिलं नसेल तर तारखेवरून त्याच्या गावचं त्या दिवशीचं तापमान नेटवर सापडेल. दोन्ही डब्यांच्या नावातली अक्षरं, दोन्ही लॉट नंबर आणि तो मापाने टाकतो की वजनाने, हेही मागव. एवढं आलं की शनिवारी रेंजवर येताना वही घेऊन ये, आपण बसून बघू.